ओळखीच्या झालेल्या काचा

तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत शिरताना बाकीचे लोक स्वेटर चढवत आणि ताई अंगातला स्वेटर काढून ठेवत. खोलीत उणे वीस अंशांची एक पेटी होती. वरून सरकती काच, आत ब्लेड, उजवीकडे फिरवायचं चाक. बर्फाची पेटी आणि शिवणयंत्र यांचं लग्न लावून दिलं तर जे अपत्य होईल तसं ते यंत्र दिसे. त्याला क्रायोस्टॅट म्हणत. ताई त्याला नुसतं ‘पेटी’ म्हणत आणि सकाळी आल्या आल्या दोन्ही मनगटं तिच्यात धरून मिनिटभर डोळे मिटून उभ्या राहत. नवीन येणाऱ्या मुलामुलींना वाटे, ताई यंत्राला नमस्कार करतायत. तीसेक वर्षं नोकरी झालेल्या माणसाने यंत्राला नमस्कार केला तर त्यात नवल काय, म्हणून कुणी विचारत नसे.

खरी गोष्ट अशी, की गेली दोन वर्षं ताईंच्या अंगातून दिवसाकाठी पाच-सहा वेळा वाफ निघे. आत कुणी तरी गॅस मोठा करून ठेवावा आणि विसरून शेजारी गप्पा मारायला जावं, तशी. मानेपासून सुरू व्हायची, कपाळापर्यंत चढायची, आणि घामाने पदर भिजला की आपली आपण उतरायची. रात्रीची झोप तर फाटक्या चादरीसारखी झाली होती, पांघरावी तिथे भोक. ताई चोपन्न वर्षांच्या होत्या. निवृत्तीला सहा वर्षं होती, म्हणजे थकायला अजून परवानगी नव्हती.

त्यांना अख्खी संस्था ताई म्हणे. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, ते ताईंपेक्षा चार वर्षांनी मोठे. तेही ताईच म्हणत. घरी नवरा ‘अगं’ म्हणे. ताईंचं नाव काय ते पगारपत्रकालाच ठाऊक होतं.

काम म्हणाल तर काप काढायचं. पांढऱ्या उंदराचा गोठवलेला मेंदू, मोठ्या द्राक्षाएवढा, पेटीत चिकटवायचा आणि चाक फिरवायचं. एका फेरीला एक काप, केसाच्या जाडीच्या सहाव्या हिश्श्याएवढा. तो काप सरळ कधी पडत नाही. वळतो, गुंडाळतो, रुसतो. मऊ ब्रशने त्याची समजूत काढून त्याला सपाट करायचं आणि वरून काचपट्टी टेकवायची, की काचेच्या उबेने तो टुणकन उडी मारून चिकटतो. ताईंचे काप इतके सुबक असत की शेजारच्या प्रयोगशाळेतले लोक ते बघायला येत आणि आपापल्या कापांवर रुसून परत जात. पुढे ते काप रंगवायचे आणि अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली ठिपके मोजायचे. मोजायलाही ताईच. ‘ताईंनी मोजलं’ म्हटलं की त्या मजल्यावर वाद मिटत असे. ताईंकडे बाकी मिरवण्यासारखं फार काही नव्हतं, पण हे होतं.

या खेपेचं काम घाईबाईचं होतं. घाईबाई म्हणजे पीएचडी करणारी मुलगी. चार वर्षांच्या कामाला सहावं वर्ष लागलं होतं, तेव्हा माणसाला घाई होणं साहजिक आहे. ती जिना दोन-दोन पायऱ्या चढे, चहा उभ्याने पिई, आणि वाक्याचा शेवट दाराबाहेरून ऐकू येई.

ती काय शोधतेय हे ताईंनी नवऱ्याला एकदा संध्याकाळी भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. नवरा टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेला. त्याला जगातली कुठलीही गोष्ट खांब आणि तारांच्या भाषेत सांगितली की समजे.

“अहो, मेंदूत बारीक रक्तवाहिन्या असतात. इतक्या बारीक की रक्तातल्या पेशींना एकेकीने जावं लागतं.”

“तिकिटाच्या रांगेसारखं.”

“हं. आणि त्या वाहिनीला आतून अस्तर असतं पेशींचं. एकाच थराचं. त्या पेशींवर रिसेप्टर असतात. रक्तातून हॉर्मोन आलं की ते रिसेप्टरला धरतं, आणि पेशीला निरोप पोचतो.”

“म्हणजे तार गेलेली आहे, आणि घरोघरी फोन आहेत का ते तू मोजतेस.”

“तसंच समजा.”

“फोन करतं कोण?”

“बायकांचं हॉर्मोन. वय झालं की ते कमी होतं.”

“म्हणजे फोन आहेत, पण करणारा गाव सोडून गेला.”

“तेच तर बघायचंय. करणारा गेला की लोक फोनपण काढून टाकतात का. आणि करणारा परत आला, तर परत जोडून घेतात का.”

नवऱ्याने एक देठ मोडला. “आमच्या खात्यात एकदा तोडलेलं कनेक्शन परत मिळायला नऊ वर्षं लागायची,” तो म्हणाला. “उंदीर जगतात किती?”

“दोन-अडीच वर्षं.”

“मग कठीण आहे.”

ताई हसल्या. पण हसून झाल्यावर त्या बराच वेळ तीच एक शेंग हातात धरून बसल्या होत्या. कारण अलीकडे त्यांच्या घराच्या किल्ल्या फ्रीजमध्ये सापडत. रोजच्या वापरातला एखादा शब्द जिभेवर यायचा आणि तिथूनच परत फिरायचा. मागच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या बहिणीला ‘ते आपलं हे’ म्हणून हाक मारली होती. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, “वय आहे.” हे निदान करायला डॉक्टर कशाला हवा? ते तर ताईंना जिनासुद्धा सांगत होता.

सोळा म्हाताऱ्या उंदीर-माद्या होत्या. आठ जणींच्या कातडीखाली हॉर्मोनची बारीक गोळी बसवायची, आठ जणींच्या कातडीखाली तशीच दिसणारी पण बिनऔषधाची गोळी. इथे पहिला घोटाळा झाला. हॉर्मोनच्या गोळ्या कुठल्याशा परवानगीत अडकल्या. साध्या गोळ्या आल्या होत्या. घाईबाईला थांबवेना. ती सरांकडे गेली, दारात उभ्याउभ्याच म्हणाली, “साध्या आठ आधी सुरू करते, हॉर्मोनवाल्या मागून,” आणि सरांनी फोन कानाला लावलेला असतानाच मान हलवली. हॉर्मोनच्या गोळ्या दोन आठवड्यांनी आल्या. पार्सल ताईंनीच सही करून घेतलं.

त्यामुळे कापायची वेळ आली तेव्हाही आधीचे आठ मेंदू आधी आणि मागचे आठ मागून. एरवी ताई एक इकडचा, एक तिकडचा असे आलटून पालटून कापत. कुणी शिकवलेलं नव्हतं, पण यंत्राचा एखादा वाईट दिवस सगळा एकाच गटाच्या वाट्याला येऊ नये, एवढी साधी अक्कल त्यामागे होती.

मागच्या आठांचा आठवडा वाईटच निघाला. तीन रात्री ताईंना झोप नव्हती. मंगळवारी ब्लेडला खाच पडली. खाच पडली की प्रत्येक कापावर एक बारीक उभी रेघ उमटते, कुणी नखाने ओढल्यासारखी. अशा वेळी ब्लेड बदलायचं असतं. बदलायचं म्हणजे पेटी थांबवायची, नवं ब्लेड आत थंड होऊ द्यायचं, परत कोन जुळवायचा. एक तास जातो. ताईंनी रेघेकडे बघितलं. ती कापाच्या अगदी कडेला होती, मोजायच्या भागापासून लांब. ‘असू दे, कुणाला नडत नाही,’ असं त्या पेटीला म्हणाल्या आणि चाक फिरवत राहिल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा. ब्लेड त्यांनी पुढच्या सोमवारी बदललं, आठही मेंदू कापून झाल्यावर.

मग रंगकाम झालं आणि घाईबाईने एकशे ब्याण्णव काचांवरच्या सगळ्या खुणा झाकून वर नवे आकडे चिकटवले, कसेही, उलटसुलट. कुठली काच कुठल्या गटातली हे मोजणाऱ्याला कळता कामा नये, हा नियम. कळलं की डोळा मालकाला हवं ते दाखवायला लागतो. कुठल्या आकड्यामागे कुठली मादी, याची यादी लिफाफ्यात बंद करून तळमजल्यावरच्या स्टोअरकाकांच्या कपाटात गेली. आणि ताई अंधाऱ्या खोलीत जाऊन बसल्या.

हिरव्या नळ्या, त्यावर लाल ठिपके. डाव्या हातात टिकटिक करणारा काउंटर. स्पष्ट ठिपका अस्तरावर असेल तर टिक. शेजारच्या पेशीवर असेल तर नाही. आणि नक्की कुठे आहे ते सांगता येत नसेल, फिका असेल, अर्धा आत अर्धा बाहेर असेल, तर नाही. हा शेवटचा नियम ताईंनीच सगळ्या मजल्याला घालून दिला होता. “संशय आला की सोडून द्यायचं. ठिपका काही रडत येत नाही,” असं त्या पोरांना सांगत.

साठ-पासष्ट काचा झाल्या असतील. एका गुरुवारी दुपारी काच सरकवताना कडेला ती रेघ दिसली. ताईंचा हात थांबला. त्यांनी मागच्या काचा काढून बघितल्या. काहींना रेघ होती, काहींना नव्हती. रेघ म्हणजे ते ब्लेड, ब्लेड म्हणजे तो आठवडा, आणि तो आठवडा म्हणजे मागून आलेल्या हॉर्मोनच्या गोळ्या. लिफाफा तळमजल्यावर कुलपात होता आणि यादी ताईंच्या डोळ्यांसमोर उघडी पडली होती.

तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. पण उठायचं म्हणजे अंधाऱ्या खोलीतून बाहेर उजेडात यायचं, घाईबाईला गाठायचं, तिचं तोंड उतरलेलं बघायचं, ब्लेड का बदललं नाही ते सांगायचं. ताईंना एवढ्या चार गोष्टी एका दुपारी झेपतील असं वाटेना. शिवाय तीस वर्षं मोजणारा डोळा. तो काय रेघ बघून लाच खाणार? त्यांनी स्वतःला बजावलं, कडेला बघायचंच नाही. आपण कडेला बघायचं नाही असं ठरवल्यावर माणूस दुसरं काय बघतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

दोन महिन्यांनी मोजणी संपली. लिफाफा उघडायच्या दिवशी स्टोअरकाका स्वतः वर घेऊन आले. ताठ, काटकुळे, साठीकडे झुकलेले; मोतीबिंदू काढून नवी भिंगं बसवल्यापासून त्यांना लांबच्या पाटीवरची चूकसुद्धा दिसे. त्यांनी लिफाफा दिला, रजिस्टरवर सही घेतली आणि जायला वळले.

“काका, थांबा ना! दोन वर्षांचं काम आहे, निकाल ऐकून जा,” घाईबाई म्हणाली.

“मला काय करायचाय?” काका म्हणाले. “लिफाफा बंद आला होता, बंद दिला. माझा निकाल लागला.” आणि खाली गेले.

घाईबाईने आकडे जुळवले. साध्या गोळीवाल्या: एका काचेला सरासरी तीस ठिपके. हॉर्मोनवाल्या: एक्केचाळीस.

ती किंचाळली. खुर्चीवर बसलेली कुणी कधी न पाहिलेली मुलगी मटकन खुर्चीत बसली. सर बाहेर आले, आकडे बघितले, चष्मा काढून परत बघितले. “एक तृतीयांशाहून जास्त! ताई, डोळा आहे की काय आहे!” कुणीतरी केक आणला. पुढच्या महिन्यात बाहेरगावी मोठी परिषद होती. सरांनी त्याच संध्याकाळी तिथे निबंधाचा सारांश पाठवून दिला. घाईबाई ताईंच्या गळ्यात पडली. “ताई, परत जोडून घेतात हो! वय झालं तरी!” ताईंच्या हातात केकचा तुकडा होता आणि मानेपासून वाफ चढत होती. त्यांना वाटलं, या क्षणी पेटीत मनगटंच नव्हे, आख्खं डोकं घालावं.

तीन दिवस त्या गप्प राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी रेघेची एक काच काढली आणि आपलाच नियम हातात छडी घेतल्यासारखा लावून, एकेका ठिपक्याला उभं करून मोजलं. तेहेतीस आले. वही उघडली. तिथे त्यांच्याच अक्षरात बेचाळीस होते. दुसरी काच घेतली. पस्तीस, वहीत त्रेचाळीस. मग बिनरेघेच्या दोन घेतल्या. तीसचे तीस. एकोणतीसचे एकोणतीस.

कुठेच नसलेला ठिपका त्यांनी मोजला नव्हता. फक्त रेघेच्या काचांमधल्या फिक्या, अर्ध्यामुर्ध्या ठिपक्यांना त्यांनी आत घेतलं होतं. दारात घुटमळणाऱ्या पाहुण्याला म्हणतो तसं, ‘या हो, बसा, तुम्हीपण आपलेच.’

घरी नवरा पंखा उघडून त्यात तेल घालत बसला होता. ताई पर्स खांद्यावरून न काढताच स्टुलावर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. त्याने स्क्रूड्रायव्हर न थांबवता ऐकलं.

“मुद्दाम केलंस?”

“नाही हो.”

“मग?”

“मला ते हवं होतं. वाटत होतं, त्या म्हाताऱ्या माद्यांचं परत जोडलं गेलं तर...” पुढचं वाक्य त्यांना पूर्ण करता येईना. शब्द विसरला होता असं नाही. लाज वाटत होती.

नवऱ्याने पंख्याचं पातं फिरवून बघितलं. “म्हणजे तू मोजलं नाहीस,” तो म्हणाला, “मागितलंस.”

ताईंना राग आला. बरोबर बोलणाऱ्या नवऱ्याचा येतो तो राग. “तुम्हाला सोपं आहे बोलायला. तुम्ही आयुष्यभर खांबावर चढलात. वर चढलं की तार तुटली आहे का नाही ते दिसतं.”

“अगं, मीही एकदा चढायचा कंटाळा आला म्हणून खालूनच ‘लाइन चालू’ लिहिलं होतं.”

“मग?”

“मग काय, दुसऱ्या दिवशी त्या घरातला म्हातारा ऑफिसात आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. रिसीव्हरच घेऊन आला होता, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ऐका.” नवऱ्याने पातं सोडून दिलं. “तुझ्याकडे तसा म्हातारा येणार नाही. तुलाच जावं लागेल.”

ताई दुसऱ्या दिवशी आधी घाईबाईकडे गेल्या. ती परिषदेसाठी चित्रं करत होती. पडद्यावर दोन खांब होते, एक बुटका, एक उंच. ताईंनी उभ्यानेच सांगितलं. ब्लेड, रेघ, तो गुरुवार, त्या चार काचा. घाईबाईने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. त्या मुलीच्या बाबतीत हे फार वाईट लक्षण होतं.

“दोन महिने,” ती शेवटी म्हणाली. “ताई, दोन महिने तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“त्याच दिवशी सांगता आलं नसतं?”

“आलं असतं.”

“मग का नाही सांगितलंत?”

“दमले होते गं.” हे इतकं खरं आणि इतकं तोकडं होतं की ताईंना स्वतःलाच ते ऐकवेना.

“मीही दमलेय!” घाईबाईचा आवाज फाटला. “सहा वर्षं दमलेय मी! सगळ्यांच्या मोजणीवर माझा संशय होता, स्वतःच्यासुद्धा. फक्त तुमच्यावर नव्हता.”

“तोच घोटाळा झाला,” ताई म्हणाल्या. “माझाही नव्हता.”

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आठ आधी आणि आठ मागून. त्याला मान मी हलवली होती. फोनवर होतो.” त्यांनी संगणक पुढे ओढला आणि दोन बोटांनी परिषदेला पत्र टाइप करायला घेतलं, ‘आमचा निबंध मागे घेत आहोत’. मध्येच विचारलं, “ताई, ‘कारण’मध्ये काय लिहू?”

“लिहा, मोजणारीला काचा ओळखीच्या झाल्या.”

सरांनी तसंच्या तसं लिहिलं.

काचा पुन्हा मोजायच्या हे उघड होतं. घाईबाईने मोजायच्या भागाचेच फोटो काढले, रेघ कुठेच येणार नाही असे, आणि त्यांना नवे आकडे दिले. यादी या वेळी लायब्ररीवाल्या बाईंच्या कपाटात गेली. प्रश्न उरला मोजायचं कुणी. घाईबाईला निकाल हवा होता, सरांना हवा होता, आणि ताईंनी तर हात जोडले. मजल्यावरचं प्रत्येक माणूस केक खाऊन बसलेलं होतं. ज्याला या प्रश्नात कणभरही रस नाही असा माणूस आख्ख्या संस्थेत एकच होता.

“मी?” स्टोअरकाका म्हणाले. “माझ्या कामात बसत नाही.”

“काका, तुम्ही रोज हातमोजे मोजता, बाटल्या मोजता,” सर म्हणाले. “हे ठिपके.”

“लेखी द्या.”

लेखी दिलं. दुपारी दोन ते चार, ताई त्यांना शिकवायला बसल्या.

“ही हिरवी नळी दिसते? ती वाहिनी. तिच्यावर लाल ठिपका असेल तर टिक करायचं.”

“शेजारी असेल तर?”

“नाही.”

“अर्धा वर, अर्धा शेजारी?”

“नाही.”

“हा बघा. आहे वरच, पण फिका आहे.”

ताईंच्या तोंडापर्यंत आलं होतं, ‘जरा नीट बघा ना, आहे तो.’ त्यांनी पदराने मान पुसली. “नाही,” त्या म्हणाल्या.

“बरं. आमच्याकडेही तसंच. तडा गेलेली बाटली मोजत नाही.”

काका मोजू लागले. टिक, टिक, टिक. त्यांचा तो आवाज ताईंना नवीन होता. तीस वर्षं त्यांनी फक्त स्वतःचा ऐकला होता. चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. “काका, हे कशाचे ठिपके ते तुम्हाला विचारावंसं वाटत नाही?”

“ताई, अडतीस वर्षं झाली इथे,” काका पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. “विचारलं की फॉर्म भरावा लागतो.” टिक.

पाच आठवडे लागले. तेवढे दिवस घाईबाई ताईंशी कामापुरतं बोलली. “काचा कुठे आहेत?” “कपाटात.” एवढंच. ती जिनासुद्धा एकेक पायरीने चढू लागली होती, आणि ते ताईंना रागावण्यापेक्षा जास्त लागत होतं. रोज सकाळी त्या पेटीपाशी जात, दुसऱ्या कुणाचे काप काढत, आणि दुपारी काकांशेजारी बसून आपल्या तीस वर्षांचं काय करायचं याचा विचार करत. तीस वर्षांतल्या किती काचा ओळखीच्या झाल्या असतील आणि आपल्याला कळलंही नसेल? या प्रश्नाला उत्तर नव्हतं. थकलेल्या माणसाला असले प्रश्न बरोबर सापडतात.

यादी उघडली तेव्हा या खेपेला केक नव्हता. साध्या गोळीवाल्या: ताईंचे तीस, काकांचे एकोणतीस. सरांनी भुवया वर केल्या. अडतीस वर्षं बाटल्या मोजलेला माणूस आणि तीस वर्षं ठिपके मोजलेली बाई यांच्यात एका ठिपक्याचा फरक. मग हॉर्मोनवाल्या: ताईंचे एक्केचाळीस, काकांचे चौतीस.

“म्हणजे आहे काहीतरी,” सर म्हणाले. त्यांनी आकडे गणिताला लावले. गणित म्हणालं, असेलही, नसेलही. सोळा माद्यांवर मी काही बोलू शकत नाही.

काकांनी काउंटर शून्यावर आणून टेबलावर ठेवला, विचारलं, “झालं?” आणि गेले.

घाईबाई दोन्ही मोजण्यांचे आकडे शेजारी-शेजारी लिहीत होती, ताईंचेसुद्धा, न खोडता. ताई दाराशी उभ्या होत्या. जावं का थांबावं, कळत नव्हतं.

“अजून सोळा माद्या लागतील,” घाईबाई कागदाकडे बघत म्हणाली. कुणाला म्हणाली ते स्पष्ट नव्हतं, पण खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

“लागतील.”

“म्हणजे अजून एक वर्ष.”

“हो.”

“कापायचा क्रम या खेपेला मी ठरवणार. चिठ्ठ्या टाकून.”

“टाक.”

“आणि ब्लेड रोज सकाळी मी तपासणार.”

“तपास.”

घाईबाईने पेन खाली ठेवलं. “कापणार कोण पण? माझे काप तुम्ही पाहिलेत. कुत्र्याने पायपुसणं फाडल्यासारखे असतात.”

“मी कापेन,” ताई म्हणाल्या. “मोजणार नाही. मोजायला तू शीक. मी शेजारी बसेन पाहिजे तर, तोंड बंद ठेवून.”

“तुम्हाला तोंड बंद ठेवणं जमतं, ते मी दोन महिने बघितलं.”

हा टोमणा होता आणि तो बसला. पण पाच आठवड्यांत ती पहिल्यांदाच कामाबाहेरचं काही बोलली होती, हेही ताईंनी टिपलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्यात बसल्या, गुडघे एकेक करून वाकवत.

“आणि एक,” त्या म्हणाल्या. “अंधाऱ्या खोलीत मला झोप लागली, तर उठवू नकोस.”

घाईबाईने त्यांच्याकडे पाहिलं. हसू आलं होतं. ते तिने कागदात तोंड घालून लपवलं. मग दुसरी खुर्ची ओढून ताईंच्या शेजारी ठेवली, स्वतःसाठी.